अकरा महिन्यांचा करार

आमच्या माणातल्या गावात उंदीर पडायला लागले की अख्खं गाव बाहेर पडायचं. आजीनं लहानपणी हे दोनदा पाहिलेलं. घराला कुलूप, आणि बिऱ्हाड रानातल्या खोपीत. ज्याच्या रानात खोप घातली त्याला भाडं काय देत होता, असं मी एकदा विचारलं तर ती हसली. "भाडं कसलं बाबा? त्याचं रान भांगलून द्यायचं."

हे आठवलं ते एप्रिल २०२० मध्ये, वसईहून फोन आला तेव्हा.

वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला, आचोळे-गोखिवऱ्याच्या अंगाला एव्हरशाईन सिटी आहे. तिथं आमची एक खोली. आपण गावाकडची माणसं वन बीएचकेलाही खोलीच म्हणतो. मी नोकरी संपवून गावी आलो, मुलगा पुण्यात. खोली त्याच्या नावावर, कर्जही त्याचंच. भाडं यायचं नऊ हजार, त्यात थोडी भर घालून हप्ता जायचा. भाडेकरू संगमेश्वरकडचा पोरगा, बायको आणि लहान मुलगी. अंधेरीला एका हॉटेलात कामाला.

"काका, लोकलच बंद आहे. हॉटेलही बंद. या महिन्याचं जमणार नाही."

इथल्या खोलीचं भाडं नुसतं भिंतींचं नसतं. चर्चगेट इथून सुमारे ५० किलोमीटर. शेअर रिक्षानं स्टेशन किती मिनिटं, आणि लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळते का, यावर भाडं ठरतं. विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ सालची, तेव्हापासून या पट्ट्याचं नशीब रुळांना बांधलेलं. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि खोलीची किंमत कशावर धरायची हेच कुणाला कळेना. जूनच्या मध्यात गाड्या सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. बाकीच्यांना एसटी. जुलैत नालासोपाऱ्याला लोक रुळांवर उतरले, ते त्यापायीच.

मुंबईनं असं रिकामं होणं आधीही पाहिलं होतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि माणसं बोटीनं, आगगाडीनं, पायी कोकणात नि देशावर निघाली. १८९१ च्या खानेसुमारीत ८ लाख २१ हजारांवर असलेली वस्ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. त्या साथीसाठी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदाच राज्य सरकारनं मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. घरांचं काय झालं, ते मात्र कमी सांगितलं जातं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं कोंदट चाळी पाडल्या, रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. पण पाडलेल्या चाळीतल्या मजुराला नव्या घराचं भाडं कुठलं परवडायला? तो शेजारच्या गल्लीत आणखी दाटीनं राहिला. ज्याला जमलं तो उत्तरेला सरकला. ते सरकणं पुढं शंभर वर्षं चाललं. १९९० मध्ये वसई-विरारच्या नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं आणि भातखाचरांवर इमारती उठल्या. त्यातलीच एक आमची.

१७ एप्रिलला गृहनिर्माण विभागानं घरमालकांना सूचना केली: भाडं किमान तीन महिने पुढं ढकला, भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका. पुढं ढकला, माफ करा नव्हे. बँकेच्या हप्त्याचंही तसंच. रिझर्व्ह बँकेनं आधी तीन महिने आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली, पण व्याज चढतच होतं. मुलाचा पगार निम्म्यावर आलेला. "बाबा, त्याला खोली सोडायला सांगा," तो म्हणाला. मला राग आला, पण तो चुकीचं बोलत होता असंही नाही. हप्ता त्याच्या खात्यातून जात होता, माझ्या नव्हे.

शेवटी जे झालं तेच त्या इमारतीत बऱ्याच घरांत झालं. करार राहिला कागदावर आणि माणसं फोनवर ठरवू लागली. डिपॉझिटातून भाडं वळतं करा, म्हणाला पोरगा. तीस हजार होते, साडेतीन महिन्यांत संपले. मे महिन्यात तो बायको-मुलीला घेऊन गावी गेला, सामान खोलीतच. शेजारच्या जिन्यात दोन भावांनी एक खोली सोडून एकीतच संसार केला. सोसायटी बाहेरच्या माणसाला आत घेईना, म्हणून एजंट व्हिडिओ कॉलवर खोल्या दाखवायचे आणि किल्ली वॉचमनकडे असायची. मालक हजार-पंधराशे उतरले, रिकाम्या खोलीचाही मेंटेनन्स भरावाच लागतो ना. सप्टेंबरात सरकारनं मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांनी उतरवलं, तशी विकत घेणारी माणसं चौकशीला येऊ लागली. घरूनच काम करणाऱ्याला स्टेशनची काय पडलेली? त्याला एक खोली जास्त हवी होती. मलाही एजंटानं विकायचं सुचवलं. मुलगा तयार होता. मी आठवडाभर त्याचे फोन टाळले, हे इथं कबूल करतो.

१ फेब्रुवारी २०२१ ला लोकल ठरावीक वेळांत सगळ्यांना खुली झाली आणि पोरगा परतला. अंधेरीचं हॉटेल काही उघडलं नव्हतं. त्यानं वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं, सायकलवर जायचं. आता त्याला लोकल नको होती, तरी खोली तीच हवी होती. भाडं साडेसात हजार ठरलं, आणि डिपॉझिट एकरकमी न देता दरमहा हजार. मुलानं हो म्हणायला चार दिवस घेतले. नवा करार पुन्हा अकरा महिन्यांचा.

बंद खोलीत पावसाळ्यात भिंत गळून पोपडे सुटले होते. ते खरवडणं, पुट्टी, रंग सगळं त्यानंच दोन रविवारांत केलं. पहिल्या महिन्याचं भाडं आम्ही त्यात वळतं केलं.