रेषानुगामी रोबोतील प्रकाश संवेदकाचे दोषनिवारण

रेषानुगामी रोबो म्हणजे पांढऱ्या पृष्ठभागावरील काळ्या रेषेचा माग घेत चालणारे छोटे स्वयंचलित वाहन होय. शालेय व महाविद्यालयीन स्पर्धांत, तसेच छंद म्हणून असे रोबो तयार केले जातात. रेषा ओळखण्याचे काम प्रकाश संवेदक करतो. त्याची वाचने अस्थिर किंवा विसंगत झाली की रोबो रेषा सोडतो. अशा वेळी संवेदक निकामी झाल्याचे समजून तो बदलण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात दोष बहुधा जोडणी, बाह्य प्रकाश, संवेदकाची उंची किंवा आज्ञावलीतील सीमामूल्य यांपैकी एखाद्या ठिकाणी आढळतो.

पार्श्वभूमी

प्रकाशाला प्रतिसाद देणारे आरंभीचे रोबो विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे तयार केले. ‘एल्मर’ आणि ‘एल्सी’ या नावांची ही यांत्रिक कासवे प्रकाशविद्युत घटाच्या साहाय्याने दिव्याचा शोध घेत. १९९८ मध्ये आलेल्या ‘लेगो माइंडस्टॉर्म्स’ या संचातही प्रकाश संवेदकाचा समावेश होता.

रचना व कार्य

छंद रोबोंमध्ये प्रामुख्याने दोन प्रकारचे संवेदक वापरले जातात. पहिला, कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशावलंबी रोधक. प्रकाश वाढला की त्याचा रोध कमी होतो. मात्र त्याचा प्रतिसाद मंद असतो. दुसरा, अवरक्त एलईडी व फोटोट्रान्झिस्टर यांची जोडी. एलईडीचे किरण पृष्ठभागावरून परावर्तित होऊन फोटोट्रान्झिस्टरवर पडतात. हा प्रकार अधिक जलद आहे.

प्रकाशावलंबी रोधक सामान्यतः १० किलोओहमच्या स्थिर रोधकासह एकसर जोडतात आणि दोहोंच्या मधल्या बिंदूवरील विभवांतर मोजतात. ‘आर्डुइनो उनो’ हे मंडल ० ते ५ व्होल्टचे रूपांतर ० ते १०२३ या आकड्यांत करते. म्हणजे एक आकडा सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा असतो. संवेदक ५ व्होल्टच्या बाजूस जोडल्यास अधिक प्रकाशाला मोठा आकडा मिळतो, तर भू-जोडणीच्या बाजूस जोडल्यास लहान. ‘उलटी’ वाचने येण्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

प्राथमिक तपासणी

मोटारी बंद ठेवून संगणकाच्या पडद्यावर वाचने पाहणे ही पहिली पायरी होय. संवेदक पांढऱ्या भागावर, काळ्या रेषेवर आणि हाताने झाकून अशी तीन वाचने घेतात. त्यांवरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

• वाचन सतत ० किंवा १०२३ : तुटलेली तार, लघुपथन, स्थिर रोधकाचा अभाव किंवा अतितीव्र प्रकाश.
• बोट जवळ नेताच बदलणारे, निरर्थक आकडे : पिन जोडलेलीच नसणे.
• पांढऱ्या व काळ्यात अल्प फरक : संवेदकाची उंची अयोग्य असणे. ‘टीसीआरटी५०००’ या प्रचलित संवेदकाला सर्वाधिक प्रतिसाद सुमारे २.५ मिलिमीटर अंतरावर मिळतो.
• काळी रेषा पांढरी भासणे : डोळ्यांना काळ्या दिसणाऱ्या काही शाया अवरक्त किरण शोषत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या प्रकारची काळी पट्टी वापरून पाहतात.
• मोटारी चालू असतानाच अस्थिरता : विद्युत गोंगाट. मोटारीच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडल्यास तो कमी होतो.

अवरक्त एलईडी चालू आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. परंतु अनेक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तो फिकट जांभळा उजळलेला दिसतो.

बाह्य प्रकाश व सीमामूल्य

घरी नीट चालणारा रोबो स्पर्धेच्या सभागृहात भरकटतो, ही नेहमीची अडचण आहे. सूर्यप्रकाशात आणि हॅलोजन दिव्यांच्या प्रकाशात अवरक्त किरण विपुल असतात. ते परावर्तित किरणांत मिसळतात. समजा, घरी पांढऱ्यावर ७२० आणि काळ्यावर २४० अशी वाचने आली आणि त्यांचा मध्य ४८० हे सीमामूल्य ठरवले. खिडकीलगतच्या मंचावर हीच वाचने ८५० व ५६० झाली, तर काळी रेषाही ४८० च्या वरच राहते. रोबोला सर्वत्र पांढरेच ‘दिसते’ आणि तो सरळ निघून जातो. येथे संवेदक बदलून उपयोग होत नाही. नवे सीमामूल्य ७०५ घेतल्यास रोबो पुन्हा रेषेवर येतो.

म्हणून सीमामूल्य आज्ञावलीत कायमचे न लिहिता, प्रत्येक फेरीपूर्वी रोबो रेषेवरून आडवा फिरवून प्रत्येक संवेदकाचे किमान व कमाल वाचन नोंदवतात आणि त्यांचा मध्य घेतात. एलईडी चालू व बंद असतानाच्या वाचनांतील फरक घेतल्यास बाह्य प्रकाशाचा बराचसा परिणाम वजा होतो. संवेदकाभोवती काळ्या कागदाचे आवरण लावणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतो. १० मिलिसेकंदांतील अनेक वाचनांची सरासरी घेतल्यास हा चढउतार नाहीसा होतो.

मर्यादा

तीव्र प्रकाशामुळे वाचन टोकाला पोहोचले असल्यास सीमामूल्य बदलून लाभ होत नाही. तेथे आवरणच आवश्यक ठरते. फेरीच्या मध्येच मार्गावर सावली पडल्यास आरंभी घेतलेली नोंदही अपुरी पडते. एका वेळी एकच बदल करून वाचने पुन्हा लिहून ठेवल्यास दोषाचे नेमके स्थान कळते.