सुहैली (शिडाची नौका)

सुहैली ही मुंबईत बांधलेली, दोन डोलकाठ्यांची, सागवानी शिडाची नौका आहे. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये या नौकेतून एकट्याने, कोणत्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते जगातील पहिले दर्यावर्दी होत. पुढे ही नौका काही काळ संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथील कोरड्या हवेने तिच्या फळ्या आकसू लागल्यामुळे तिला बाहेर काढून तिची मोठी दुरुस्ती करण्यात आली. जुन्या लाकडी नौकेचे जतन कसे करावे, या प्रश्नाच्या संदर्भात सुहैलीचे उदाहरण महत्त्वाचे ठरते.

नाव

इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला 'सुहैली' म्हणतात. त्यावरून नौकेला हे नाव देण्यात आले. अरबी भाषेत 'सुहैल' हे अगस्त्य ताऱ्याचे नाव आहे.

पार्श्वभूमी

मुंबईला सागवानी जहाजबांधणीची दीर्घ परंपरा आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने येथील गोदीत अनेक जहाजे बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत जलावतरण झालेली 'त्रिंकोमाली' ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका दुरुस्तीनंतर आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत आहे. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे हे लाकूड सहजासहजी कुजत नाही व कीडही त्याला लवकर लागत नाही. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंड खाते. सागाच्या बाबतीत हा दोष कमी आढळतो.

बांधणी

नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत जहाजावरील अधिकारी होते व नोकरीच्या निमित्ताने त्यांचे वास्तव्य मुंबईत होते. १९६३ मध्ये नौकेचे काम सुरू झाले. अमेरिकी नौका-आरेखक विल्यम अ‍ॅटकिन यांच्या 'एरिक' या आराखड्यावरून ती बांधण्यात आली. हा आराखडा १९२० च्या दशकातील असून त्याचे मूळ कॉलिन आर्चर यांच्या नॉर्वेजियन जीवरक्षक नौकांमध्ये आहे.

कुलाबा येथे सुतारांनी वाकस, कमानीने फिरवायचा सामता अशा पारंपरिक हत्यारांनी तिचे काम केले. १९ डिसेंबर १९६४ रोजी नाळेवर नारळ फोडून नौका पाण्यात उतरवण्यात आली.

रचना

सुहैलीच्या सांगाड्याची लांबी सुमारे ३२ फूट (९.८ मीटर) व रुंदी सुमारे ११ फूट आहे. नौका पुढे व मागे दोन्हीकडे निमुळती आहे. तळाचा कणा लांब असून सुकाणू त्याच्या मागच्या टोकाला जोडलेले आहे. अशी नौका वेगवान नसते, परंतु मोठ्या लाटांत दिशा धरून चालते. पुढची डोलकाठी उंच व मागची आखूड असल्यामुळे शिडांचे क्षेत्र विभागले जाते आणि एका माणसाला ती शिडे हाताळता येतात. बांधणीच्या वेळी फळ्या व फासळ्या एकमेकींना जोडण्यासाठी लोखंडी बोल्ट वापरले होते.

मुंबई ते इंग्लंड

१९६५ च्या अखेरीस नॉक्स-जॉन्स्टन, त्यांचे बंधू व एक सहकारी अशा तिघांनी मुंबई सोडली. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने ते दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. तेथे मुक्काम करून त्यांनी पुढील प्रवास केला व १९६७ मध्ये ते इंग्लंडला पोहोचले.

पृथ्वीप्रदक्षिणा

ब्रिटनमधील 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राने १९६८ मध्ये एकट्याने विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणेची 'गोल्डन ग्लोब' ही शर्यत जाहीर केली. तिच्यात नऊ जण उतरले. सुहैली १४ जून १९६८ रोजी फॅल्मथ बंदरातून निघाली आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतली. शर्यत पूर्ण करणारी ती एकमेव नौका ठरली.

या प्रवासात नौकेची अनेकदा दुरुस्ती करावी लागली. अटलांटिक महासागरातच कण्याजवळच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्याखाली बुडी मारून सांध्यात कापूस ठासला, त्यावर कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली आणि वरून तांब्याची पट्टी बसवली. दक्षिण महासागरात एका लाटेने नौका आडवी झाली व तिची केबिन जागेवरून हलली. ऑस्ट्रेलियाजवळ स्वयंचलित सुकाणूची यंत्रणा मोडली. रेडिओही बंद पडल्यामुळे कित्येक महिने नौकेचा ठावठिकाणा जगाला कळत नव्हता.

नंतरचे प्रवास

१९८९ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी कोलंबसच्या मार्गाने, जुन्या काळच्या अ‍ॅस्ट्रोलेब या उपकरणाच्या साहाय्याने सुहैलीतून अटलांटिक ओलांडला. परतीच्या प्रवासात वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या. १९९१ मध्ये गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन यांच्यासह ते याच नौकेतून ग्रीनलंडला गेले.

संग्रहालयातील काळ

पुढे सुहैली लंडनमधील ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात प्रदर्शनासाठी ठेवण्यात आली. वस्तूंच्या जतनासाठी संग्रहालयातील हवेचे तापमान व आर्द्रता नियंत्रित केलेली असते. कागद, कापड व धातू यांना अशी हवा मानवते. लाकडी नौकेचे तसे नसते. तिच्या फळ्या पाण्यात फुगून एकमेकींना घट्ट भिडतात आणि त्यामुळे सांधे बंद राहतात. फळ्या दीर्घकाळ कोरड्या राहिल्यास आकसतात, सांधे उघडतात, त्यांतील कापूस व लुकण सैल पडते आणि लाकडाला तडे जाण्याचा धोका निर्माण होतो.

सुहैलीच्या फळ्या आकसत असल्याचे दिसून आल्यावर २००२ मध्ये तिला ग्रीनिचहून फॅल्मथ येथील सागरी संग्रहालयात हलवण्यात आले. त्यानंतर तिची डागडुजी झाली व २००५ मध्ये ती आइल ऑफ वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत उतरली.

पुनरुज्जीवन

२०१० च्या दशकात सुहैलीची सर्वांत मोठी दुरुस्ती करण्यात आली. तिचे बरेचसे काम नॉक्स-जॉन्स्टन यांनी स्वतः केले. सुमारे अर्धशतकानंतरही सागाचे लाकूड सुस्थितीत होते. ते जोडणारे लोखंड मात्र गंजले होते. समुद्राच्या पाण्यात लोखंडी बोल्ट आतून झिजतो व वरून शाबूत दिसतो. गंजताना तो फुगतो आणि भोवतीचे लाकूड कमकुवत करतो. म्हणून जुने बोल्ट काढून त्यांच्या जागी कांस्याचे बोल्ट बसवण्यात आले.

अशा दुरुस्तीत सगळे बोल्ट एकदम काढता येत नाहीत, कारण तसे केल्यास सांगाड्याचा आकार बिघडतो. नौका तिच्या मूळ आकारात टेकूंवर नीट आधारून थोडे थोडे बोल्ट बदलावे लागतात. त्यानंतर सांध्यांतील जुना कापूस काढून नवा भरतात व वर लुकण लावतात. पाण्यात उतरवल्यावर सुरुवातीचे काही दिवस, फळ्या फुगेपर्यंत, लाकडी नौकेत पाणी झिरपणे स्वाभाविक मानले जाते.

बोल्ट बदलल्याने नौकेचा काही मूळ भाग नाहीसा होतो. न बदलल्यास ती समुद्रात जाण्यायोग्य राहत नाही. सुहैलीच्या बाबतीत दुसरा पर्याय नाकारण्यात आला. १४ जून २०१८ रोजी, प्रदक्षिणेच्या प्रारंभाला ५० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ती फॅल्मथ येथील नौकांच्या संचलनात सहभागी झाली. ब्रिटनच्या ऐतिहासिक नौकांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा समावेश आहे.

भारतातील प्रभाव

२०१८ मध्ये मूळ शर्यतीच्या स्मरणार्थ गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा घेण्यात आली. १९८८ पूर्वी आराखडा तयार झालेल्या, लांब कण्याच्या, ३२ ते ३६ फूट लांबीच्या नौकांनाच तिच्यात प्रवेश होता. त्यामुळे बहुतेक स्पर्धकांनी जुन्या नौका विकत घेऊन त्या नव्याने सज्ज केल्या. सुहैलीच्या प्रतिकृतींना वेगळी मुभा होती. भारतीय नौदलातील अभिलाष टॉमी यांच्यासाठी गोव्यातील अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकर यांनी 'थुरिया' ही अशी प्रतिकृती बांधली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या व टॉमी यांच्या मणक्याला गंभीर दुखापत झाली. २४ सप्टेंबर रोजी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. थुरिया समुद्रातच सोडून द्यावी लागली.

त्यापुढील, २०२२ च्या शर्यतीत टॉमी यांनी 'रस्लर ३६' प्रकारची एक वापरलेली नौका सज्ज करून 'बयानात' या नावाने उतरवली आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा क्रमांक मिळवला.

हे सुद्धा पहा

आय.एन.एस.व्ही. म्हादेई
आय.एन.एस.व्ही. तारिणी
दिलीप दोंदे
अभिलाष टॉमी
वाडिया घराणे