वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे एकाच जंगलात कसे राहतात?

कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे (कोळसून) हे तीन मोठे शिकारी एकत्र राहतात. तिघांचेही मुख्य भक्ष्य म्हणजे खुरांचे प्राणी. मग सर्वांत बलवान असलेला वाघ इतर दोघांना हुसकावून का लावत नाही?

परीक्षानळीतील प्रयोग

रशियन जीवशास्त्रज्ञ गेओर्गी गाउझ यांनी १९३०च्या दशकात पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच खाद्यावर वाढवल्या. एक जात टिकली, दुसरी नष्ट झाली. जोडी बदलल्यावर मात्र दोन्ही जाती टिकल्या. त्यांपैकी एक वरच्या थरातील जिवाणू खात होती, तर दुसरी तळाशी साचलेले यीस्ट. म्हणजेच गरजा अगदी सारख्या असतील, तर दोन जाती फार काळ एकत्र नांदू शकत नाहीत. याला ‘स्पर्धात्मक वर्जन तत्त्व’ म्हणतात. मात्र परिसरात विविधता असेल, तर वाटणीला वाव मिळतो.

जंगलातील वाटणी

के. उल्हास कारंथ आणि मेल्विन सनक्विस्ट यांनी नागरहोळेत या तिन्ही शिकाऱ्यांचा अभ्यास केला. तिघांचा वावर बराचसा एकाच भागात होता. फरक होता तो प्रामुख्याने भक्ष्याच्या आकारात. वाघाची भिस्त गवा, सांबर अशा मोठ्या प्राण्यांवर होती. बिबट्या आणि रानकुत्रे चितळासारखे मध्यम आकाराचे प्राणी अधिक मारत. या दोघांच्याही वेळा आणि पद्धती वेगळ्या आहेत. रानकुत्रे दिवसा, कळपाने पाठलाग करतात. बिबट्या बहुधा रात्री, एकट्याने दबा धरतो. दाट झाडीत त्याला लपता येते आणि वाघ आलाच, तर झाडावर चढता येते.

वाटणी बिघडली तर

उत्तराखंडातील राजाजी राष्ट्रीय उद्यानाच्या चिल्ला भागातून माणसांचे पुनर्वसन झाल्यावर तेथे वाघ वाढले. त्यानंतर काही वर्षांतच बिबट्यांची घनता घटली आणि त्यांच्या आहारात पाळीव जनावरांचे प्रमाण वाढले. म्हणजे दोन शिकाऱ्यांमधील स्पर्धेची झळ जंगलाशेजारच्या पशुपालकांनाही बसू शकते.

महाराष्ट्रात ताडोबा आणि मेळघाटातही हे तिन्ही शिकारी आढळतात. तेथे गवा आणि सांबर कमी झाले, तर वाघालाही चितळांकडे वळावे लागेल आणि तिघांमधील स्पर्धा वाढेल. त्यामुळे केवळ वाघांची संख्या मोजणे पुरेसे नाही. लहान-मोठे भक्ष्य आणि दाट झाडी टिकली, तरच तिघांनाही जागा उरते.