अ‍ॅशबर्न, चार वाजून तेरा मिनिटं

मंगळवार, २७ मे २०१४. आदल्या दिवशी अमेरिकेत मेमोरियल डेची सुट्टी झालेली, म्हणजे जोडून आलेल्या सुट्ट्यांनंतरचा हा कामाचा पहिला दिवस. ठिकाण व्हर्जिनियातलं अ‍ॅशबर्न. जगातल्या इंटरनेटचा फार मोठा भाग इथल्या डेटासेंटरांमधून वाहतो. नोड.जेएसची तेव्हा देखभाल करणाऱ्या जॉयंट या सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लाउड कंपनीचं ‘यूएस-ईस्ट-१’ हे केंद्र इथेच होतं. खालच्या वेळा अ‍ॅशबर्नच्या घड्याळाच्या, दुपारनंतरच्या आहेत.

४:१३ च्या आधी

केंद्राची क्षमता वाढवायला नवे सर्व्हर जोडलेले आहेत. एका ऑपरेटरला त्यांच्यावरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून ते रीबूट करायचे आहेत. काम नेहमीचंच. त्यासाठी सर्व्हरपाशी जावं लागत नाही. दुरून कमांड देणारं टूल आहे. कोणकोणत्या सर्व्हरवर कमांड चालवायची ते सांगायचं आणि एंटर दाबायचं.

पुढे जे घडतं त्याची मुळं या केंद्राच्या रचनेत आहेत, म्हणून ती आधी समजून घ्यायला हवी. इथल्या होस्ट सर्व्हरवर स्मार्टओएस चालते, पण ती होस्टच्या डिस्कवर बसवलेली नसते. होस्ट चालू झाला की नेटवर्कवर हाक देतो, डीएचसीपीकडून पत्ता घेतो, टीएफटीपी सर्व्हरकडून अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेतो आणि ती मेमरीत ठेवून कामाला लागतो. डिस्कवर असतात ती ग्राहकांची व्हर्च्युअल मशीन आणि त्यांचा डेटा.

ही रचना मला मनापासून आवडते. अपडेट करायचं म्हणजे बूट सर्व्हरवर नवी इमेज ठेवायची आणि होस्ट रीबूट करायचा, बस्स. अर्धवट राहिलेल्या इन्स्टॉलेशनचा घोळ नाही. मात्र या सगळ्यामागे एक गृहीत आहे: होस्ट थोडेथोडे रीबूट होतील आणि त्यांना बूट करून देणारी यंत्रणा तेवढा वेळ जागी असेल.

आणखी एक गोष्ट. रॅकसमोर उभं राहून एकेक सर्व्हर बंद करायचा असता, तर दहाव्या-पंधराव्या बटणाशी हात आपोआप थबकला असता. टर्मिनलवर तसं होत नाही. चार सर्व्हर बंद करा किंवा चारशे, बोटांना श्रम तेवढेच आणि पडद्यावर ओळही एकच. आपण किती सर्व्हर बंद करतो आहोत, याची आठवण टूलनेच करून द्यायची असते.

४:१३

कमांड जाते. टाइप करताना चूक झाली आहे. निवडक नव्या सर्व्हरऐवजी तिचा अर्थ झाला आहे केंद्रातले सगळे सर्व्हर. टूल ती अडवत नाही.

केंद्रातला प्रत्येक होस्ट एकदम रीबूट होतो. ग्राहकांचं प्रत्येक व्हर्च्युअल मशीन खाली जातं. केंद्र ज्या एपीआयने चालवायचं, त्याच्या यंत्रणाही त्याच झटक्यात जातात. भारतात मध्यरात्र उलटून १ वाजून ४३ मिनिटं झालेली आहेत. अमेरिकेच्या वेळेवर काम करणारे हिंजवडीतले कितीतरी जण या वेळी अशीच टूल हाताळत बसलेले असतात, आणि त्यांना ही चूक परकी वाटणार नाही.

४:१३ ते ४:३३

होस्ट उठतात आणि ठरल्याप्रमाणे बूट सर्व्हरला हाक देतात. सगळेच एकदम. टीएफटीपी हा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा साधा प्रोटोकॉल. मूळ रचनेत तो ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो, पोच आली की पुढचा. दुष्काळी गावात टँकर एक आणि हंडे घेऊन अख्खं गाव आलेलं, तशी गत होते. त्यात बूट सेवेने मशीनची सगळी ताकद खाऊन टाकू नये म्हणून तिच्यावर मर्यादा घातलेल्या असतात. एरवी त्या शहाणपणाच्या, पण आज त्यांच्यामुळेच होस्ट आणखी सावकाश उठतात. हे लक्षात येताच अभियंते मर्यादा काढून टाकतात. या गोंधळात सुरक्षिततेसाठी घातलेला बांध हाताने सोडायचा निर्णय सोपा नसतो. तो बरोबर ठरतो.

४:३३

वीस मिनिटांनी पहिली व्हर्च्युअल मशीन परत येतात.

४:४५

८० टक्के परत.

५:१२

९० टक्क्यांहून अधिक. मागे राहिलेल्यांपैकी काहींचं दुखणं वेगळंच आहे: जुन्या हार्डवेअरवरच्या नेटवर्क कार्डच्या ड्रायव्हरमध्ये एक माहितीतला दोष आहे. बूट होताना कधीकधी डीएचसीपीकडून पत्ताच मिळत नाही. उपाय एकच, पुन्हा रीबूट. एखादाच होस्ट अडकला तर हे पाच मिनिटांचं काम. सगळे एकदम उठवताना मात्र क्वचित दिसणारा दोषही हमखास दिसतो.

५:३०

एपीआय पूर्ववत. १ तास १७ मिनिटं केंद्राच्या व्यवस्थापनाचं दारच बंद होतं.

६:४२

शेवटचं मशीन उठतं. १४९ मिनिटं.

पुढचे दिवस

जॉयंटने सगळा घटनाक्रम मिनिटांसकट जाहीर केला. तंत्रप्रमुख ब्रायन कँट्रिल यांनी त्याच दिवशी स्पष्ट केलं होतं की तात्कालिक कारण ऑपरेटरची चूक असली, तरी बोट घसरल्याने डेटासेंटर कोसळू शकतं, हा दोष व्यवस्थेचा आहे. ऑपरेटरवर कारवाई झाली नाही. तो आधीच इतका खजील होता की शिक्षेने त्यात काही भर पडली नसती, असं कँट्रिल यांचं म्हणणं. मला हे औदार्य वाटत नाही, ही अचूक तपासणी वाटते. त्या माणसाला काढलं असतं, तरी टूल तसंच राहिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर दुसरं कुणी बसलं असतं. कंपनीने टूल बदलायला घेतलं: दिलेली माहिती काटेकोर तपासायची, आणि सगळे सर्व्हर किंवा नियंत्रणाचे सर्व्हर एकदम रीबूट होऊच द्यायचे नाहीत.

२८ फेब्रुवारी २०१७, दुपारी १२:३७

पुन्हा उत्तर व्हर्जिनिया, या वेळी अ‍ॅमेझॉनची एस-३ ही साठवण सेवा. बिलिंग यंत्रणा संथ चालते म्हणून तपास सुरू आहे. अधिकार असलेला कर्मचारी ठरलेल्या पद्धतीबरहुकूम काही थोडे सर्व्हर काढायची कमांड देतो. एक इनपुट चुकतो आणि त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघून जातात. ज्या दोन उपयंत्रणा पुन्हा सुरू कराव्या लागतात, त्यांतली महत्त्वाची इंडेक्सची यंत्रणा मोठ्या केंद्रांत अनेक वर्षं पूर्णपणे बंद करून चालू केलेलीच नसते. सेवा सुरळीत व्हायला ४:५४ वाजतात. सुरुवातीचा काही काळ सेवेची स्थिती दाखवणारा फलकही बदलता येत नाही, कारण तो चालवणारी व्यवस्थाही एस-३ वरच अवलंबून असते.

नंतर अ‍ॅमेझॉननेही टूलच बदललं. आता ते सर्व्हर सावकाश काढतं, आणि एखादी उपयंत्रणा किमान गरजेच्या खाली जाणार असेल तर काढायला नकार देतं.