मटाटू

मटाटू हे केनिया देशात, विशेषतः राजधानी नैरोबी येथे, चालणारे खासगी मालकीचे भाडोत्री प्रवासी वाहन होय. यासाठी प्रामुख्याने १४ आसनांच्या व्हॅन आणि त्यांहून मोठ्या मिनीबस वापरल्या जातात. नैरोबीतील सार्वजनिक प्रवासी वाहतुकीचा मोठा भार मटाटूंवरच आहे. ही वाहने कोणत्याही एका संस्थेच्या मालकीची नसून त्यांचा व्यवसाय हजारो स्वतंत्र मालकांमध्ये विभागलेला आहे.

नाव

स्वाहिली भाषेत ‘टाटू’ म्हणजे तीन. आरंभीच्या काळात या वाहनांचे भाडे दहा सेंटची तीन नाणी इतके असे. त्यावरून हे नाव रूढ झाल्याचे मानले जाते.

इतिहास

नैरोबीत १९३४ पासून केनिया बस सर्व्हिस ही कंपनी बससेवा चालवीत होती. शहराच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांना ही सेवा अपुरी पडू लागली, तेव्हा काही वाहनमालकांनी विनापरवाना प्रवासी वाहतूक सुरू केली. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी मटाटूंना परवान्याच्या अटीतून सूट दिली आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढली. १९८४ च्या कायद्याने परवाना व तपासणी पुन्हा आवश्यक ठरली. स्टेजकोच या ब्रिटिश कंपनीने १९९१ मध्ये केनिया बस सर्व्हिस विकत घेतली. परंतु १९९८ मध्ये तिने या व्यवसायातून अंग काढून घेतले.

व्यवसायाची रचना

मटाटूचा मालक बहुधा स्वतः वाहन चालवीत नाही. तो चालक व वाहक यांना वाहन सोपवितो आणि दिवसाअखेर ठरावीक रक्कम घेतो. इंधन, थांब्यावरील वसुली व इतर खर्च भागवून उरलेली रक्कम चालक-वाहकांची कमाई ठरते. या पद्धतीमुळे मालकाला दैनंदिन हिशेबावर देखरेख ठेवावी लागत नाही. मात्र प्रवासी कमी मिळण्याचा धोका कर्मचाऱ्यांच्या माथी येतो.

व्यावसायिक डावपेच

ठरावीक रकमेच्या वर मिळणारा प्रत्येक शिलिंग कर्मचाऱ्यांचा असल्याने त्यांचे बहुतेक निर्णय त्याच हिशेबाने होतात.

भरल्यावर सुटणे: वाहन वेळापत्रकाने न सुटता आसने भरल्यावर सुटते. रिकाम्या वाहनात प्रवासी बसण्यास कचरतात, म्हणून काही थांब्यांवर पैसे देऊन माणसे बसविली जातात व खरे प्रवासी येताच ती उतरतात.

बदलते भाडे: सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत व पाऊस पडताच भाडे वाढते, दुपारी ते उतरते.

अर्ध्यातून परतणे: पुढे प्रवासी मिळण्याची शक्यता नसल्यास उरलेल्यांना दुसऱ्या वाहनात बसवून मटाटू मागे वळते.

आकर्षण: एकाच मार्गावर भाड्यात फारसा फरक ठेवता येत नसल्याने चित्रे, रंगीत दिवे, संगीत व दूरचित्रवाणी पडदे यांनी तरुण प्रवासी ओढले जातात. अशा सजविलेल्या वाहनांना ‘न्गान्या’ म्हणतात.

नियमन

वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांनी २००३ मध्ये जाहीर केलेले नियम फेब्रुवारी २००४ पासून लागू झाले. त्यांनुसार ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा राखणारे यंत्र, आसनपट्टे, वाहनावर पिवळा पट्टा व कर्मचाऱ्यांना गणवेश बंधनकारक झाला. पुढे प्रत्येक मालकाने ‘सॅको’ नामक सहकारी संस्थेत किंवा कंपनीत सामील होण्याची अट आली. सॅको सभासदांना कर्ज देतात व थांब्यावरील पाळ्या ठरवितात. त्याचबरोबर मार्गावर नवख्या मालकाचा शिरकावही त्या कठीण करू शकतात.

२०१४ मध्ये रोख रकमेऐवजी कार्डाने भाडे घेण्याची सक्ती करण्याचा प्रयत्न झाला. तो टिकला नाही. कार्डामुळे खरी कमाई मालकास कळली असती, आणि रोख शिल्लकीवर जगणाऱ्या कर्मचाऱ्यांना ते परवडणारे नव्हते.

टीका व महत्त्व

ठरावीक रकमेच्या दडपणामुळे अतिवेग, दाटीवाटी व कामाचे लांबलेले तास ओढवतात, अशी टीका होते. केवळ दंड वाढवून हे वर्तन बदलत नाही, कारण त्याचे मूळ मोबदल्याच्या पद्धतीत आहे; निश्चित वेतन हा उपाय त्यामुळेच सुचविला जातो. थांब्यांवर खंडणी उकळल्याबद्दल मुंगिकी या टोळीचे नाव विशेष कुप्रसिद्ध झाले. दुसरीकडे, बस न पोहोचणाऱ्या वस्त्यांना मटाटूंनी शहराशी जोडले आणि अनेक तरुणांना रोजगार दिला.

इतर शहरांतील तत्सम सेवा

दार-एस-सलामची डालाडाला, लागोसची पिवळी डॅन्फो व अक्राची ट्रो-ट्रो या सेवा याच प्रकारच्या आहेत. जोहान्सबर्ग येथे २००९ मध्ये रेया वाया ही जलद बससेवा सुरू झाली. तिच्या मार्गावरील मिनीबस टॅक्सीमालकांना पुढे बस चालविणाऱ्या कंपनीत भागधारक करून घेण्यात आले. जुन्या व्यावसायिकांना न डावलता नवी व्यवस्था उभारण्याच्या प्रयत्नाचे उदाहरण म्हणून या प्रयोगाकडे पाहिले जाते.