न्हावा-शेवा आणि दूरस्थ हुकमत

हुकूम देणारा एका ठिकाणी आणि तो बजावणारा दुसऱ्या ठिकाणी, ही व्यवस्था रायगडच्या किनाऱ्याला पुरातन काळापासून परिचित आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी सरखेल कान्होजी आंग्रे यांचे दस्तक जवळ नसलेल्या व्यापारी गलबताला या समुद्रातून निर्धास्तपणे जाता येत नसे. सरखेल स्वतः कोठेही असोत, त्यांच्या कागदावर त्यांचा अंमल चाले. अशा कागदाच्या सत्यतेविषयी मराठी दफ्तरात केवढी दक्षता होती! पत्राच्या मस्तकी मुद्रा असे, आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब उमटवीत, म्हणजे धन्याच्या नावाखाली पुढे कोणास एक अक्षरही घुसडता येऊ नये. हुकूम खरा कशावरून आणि त्याची मर्यादा कोठवर, हे दोन प्रश्न दूरस्थ सत्तेच्या मुळाशी आहेत, आणि याच किनाऱ्यावर २०१७ साली ते पुन्हा निकडीने उभे राहिले.

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि देशाच्या कंटेनर-व्यापाराचे प्रमुख द्वार बनले. कंटेनरवर चार अक्षरे आणि सात अंक रंगविलेले असतात. त्यांतील अखेरचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने काढलेला असल्यामुळे नोंदीतील चूक बहुधा तत्काळ पकडली जाते. परंतु तो कंटेनर कोणत्या रांगेत, कितव्या थरावर ठेवला आहे आणि कोणत्या जहाजावर चढवावयाचा आहे, याचे ज्ञान संगणकापाशी असते, आणि क्रेनचा चालक पडद्यावर उमटलेल्या आज्ञेबरहुकूम तो उचलतो.

एखाद्या मोठ्या उद्योगातील हजारो संगणकांपाशी एकेक करून जाणे अशक्य असल्यामुळे, एका मेजावरून दूरच्या यंत्रावर आज्ञा चालविण्याची साधने निर्माण झाली. विंडोज प्रणालीसाठी वापरले जाणारे पीएसएक्झेक हे त्यांपैकी एक. व्यवस्थापकाचे नाव आणि पासवर्ड जुळला की दूरचे यंत्र निमूटपणे हुकूम मानते. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम सुटला. विंडोजमधील उणिवांचा लाभ तर त्याने घेतलाच, शिवाय यंत्राच्या स्मृतीतून पासवर्ड चोरून तो याच साधनाच्या द्वारे इतर यंत्रांत शिरत गेला. शिक्का खरा, हात मात्र चोराचा. आणि यंत्राला हात ओळखता येत नाही.

या हल्ल्यात डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे जागतिक संगणक-जाळे कोसळले, आणि त्याच समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावा-शेवा येथील गेटवे टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. ज्या धक्क्यावर क्रेन शाबूत होत्या, माणसे हजर होती आणि समुद्र शांत असो वा खवळलेला, जहाजे येतच होती, तेथे कोणता कंटेनर कोठे आहे हे सांगणारा मात्र मुका झाला होता. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले की दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. एवढ्या उभारणीस आधार मिळाला तो घाना देशातील एका सर्व्हरचा, जो केवळ वीज गेल्यामुळे त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता आणि म्हणूनच वाचला.

दूरस्थ हुकमतीवाचून आजचे बंदर चालणार नाही, हे मान्य करूनच मी म्हणतो की, एका पासवर्डाच्या बळावर सर्वत्र अंमल बसविता येऊ नये. प्रत्येक हुकुमाची हद्द आखलेली असावी, नोंदींची एक प्रत जाळ्याच्या आवाक्याबाहेर जाणूनबुजून राखलेली असावी, आणि पडदा काळा पडला तरी हाताने काम चालविण्याची विद्या धक्क्यावरील माणसांना अवगत असावी. घानात जे दैवयोगाने साधले, ते न्हावा-शेवात नियमाने साधले पाहिजे.