पर्वतीच्या पायऱ्यांवर, १३ ऑक्टोबर १९२९

पर्वतीला तुम्ही शेकडो वेळा आला आहात. पहाटे गाडी पायथ्याशी लावायची, एकशे तीन पायऱ्या एका दमात चढायच्या, देवदेवेश्वराला हात जोडायचे आणि तटाशी उभं राहून सगळं पुणं डोळे भरून बघायचं. हे इतकं अंगवळणी पडलंय, की या पायऱ्या कुणासाठी बंद होत्या हे कधी मनातही आलेलं नाही.

आज पहिल्या पायरीवर पाऊल ठेवता आणि सहज मागे वळून बघता, तर गाडी जागेवर नाही. चारी बाजूंच्या सोसायट्याही नाहीत. स्वारगेटला एसटीचं स्थानक नाही; पहिली एसटी सुटायला १९४८ साल उजाडावं लागणार आहे. दसऱ्याचे दिवस आहेत, टेकडीवरचं गवत नुकतं पिवळं पडू लागलंय. आणि तुमच्यापुढे पायऱ्यांवर माणसं उभी आहेत. धुतलेली धोतरं, ठिगळ लावलेले पण नीट बटणं लावलेले सदरे, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. देवळात जायला निघालेली माणसं जशी दिसतात, तशीच. फक्त यांना अस्पृश्य म्हणून देवळात मज्जाव आहे.

पुढे आहेत ते शिवराम जानबा कांबळे. चोपन्न वर्षांचे. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये त्यांनी बटलरची नोकरी केली आणि त्या पगारावर १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढलं. महारांना पुन्हा लष्करात घ्या म्हणून सरकारकडे अर्ज केले, मुलींना मुरळी म्हणून देवाला सोडण्याच्या चालीविरुद्ध लिहिलं. १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या विजयस्तंभापाशी डॉ. आंबेडकरांना बोलावून सभा घेतली ती यांनीच. पंचवीस वर्षं अर्ज, सभा, ठराव. आता पायऱ्या चढायची वेळ आली आहे.

त्यांच्यासोबत चळवळीतले पां. ना. राजभोज आहेत. आणि गर्दीत काही सवर्ण तरुणही दिसतात. तो पंचविशीचा एस. एम. जोशी, तो त्याच्याहून लहान ना. ग. गोरे. ब्राह्मणांच्या घरात वाढलेली ही पोरं आज ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत, त्यांच्या हातचं पाणी पिणंही या पोरांच्या आळीत पाप समजतात. या दोघांचं पुढचं सगळं राजकारण नंतरचं. मला स्वतःला त्यांचा हाच दिवस सर्वांत मोठा वाटतो.

देवस्थानच्या पंचांचं म्हणणं साधं आहे: देऊळ खासगी आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. खासगी जागेत कुणाला घ्यायचं हे मालक ठरवणार. हा युक्तिवाद ऐकताना तुम्ही चमकता. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, यांना नाही. तीस वर्षांनी, १ फेब्रुवारी १९६० ला, अमेरिकेत ग्रीन्सबरो नावाच्या शहरात चार काळे विद्यार्थी एका दुकानाच्या जेवणाच्या काउंटरपाशी शांतपणे बसतील, आणि त्यांनाही असंच सांगितलं जाईल की दुकान आमचं, कुणाला वाढायचं ते आम्ही ठरवू.

आणि मागचं? तेही इथून फार लांब नाही. पायथ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर गंज पेठ. तिथल्या घराचा हौद जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापलं, तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, काळ्यांची गुलामगिरी मोडल्याबद्दल. त्या काळात पुण्यातल्या एका पेठेत बसून माणूस इतक्या लांबचं बघत होता, आणि पुण्याला मात्र पर्वतीच्या पायऱ्यांवर कोण उभं आहे ते अजून दिसत नाही.

रांग हलते. तुम्हीही चालू लागता. पायऱ्या हत्ती चढावा इतक्या रुंद, उतरत्या. चालताना पाऊल लांब टाकावं लागतं. तुमच्या बाजूला एक म्हातारी आहे, हातात पुडीत बांधलेली फुलं. ती देवाचं नाव घेत नाही, पायऱ्या मोजते आहे.

वर दरवाजा बंद आहे. आणि माणसं जमली आहेत, ती दर्शनाला आलेली नाहीत.

पहिला दगड तुम्हाला दिसत नाही, ऐकू येतो. पायरीवर आपटून तो खाली गडगडत जातो. मग दुसरा. मग मोजायचं सुटतं. कुणीतरी ओरडतं, ‘हात उचलू नका!’ आणि खरोखर कुणी उचलत नाही. माणसं डोकी झाकतात, बायांना आत घेतात, पण पाय रोवून उभी राहतात. राजभोजांना दगड लागतो, ते जखमी होतात.

एक दगड तुमच्या पायाशी येऊन थांबतो. मुठीत मावेल एवढा, एका कडेला धारदार. तुम्ही तो कधी उचलला ते तुमचं तुम्हालाच कळत नाही. हात आपोआप मागे जातो. शेजारचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा तुमचं मनगट धरतो. त्याच्या भुवईतून रक्त येतंय. तो बोलत काहीच नाही, तुमची बोटं एकेक करून उलगडतो आणि दगड पायरीच्या कडेला ठेवतो, कुणाच्या पायात येऊ नये असा. अहिंसा म्हणजे दुबळ्यांचा मार्ग असं कुणी म्हटलं की मला या पोराची बोटं आठवावीशी वाटतात. दगड त्याच्याही हाताशी होता.

आज दार उघडणार नाही. सत्याग्रह जानेवारीपर्यंत चालेल, तरी उघडणार नाही. मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिरासमोर पुन्हा रांगा लागतील. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपूरला विठ्ठलाच्या दारासाठी उपोषणाला बसतील, आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा होईल. तोपर्यंत या रांगेतली कितीतरी माणसं गेलेली असतील. हे सगळं तुमच्या ओठांवर येतं. पण भुवईला फडकं दाबून बसलेल्या पोराला अठरा वर्षं थांब असं कोणत्या तोंडाने सांगणार?

लोक उतरू लागतात, घाई न करता. म्हातारी मध्येच एका पायरीवर टेकते. तिच्या पुडीतली फुलं चुरगळली आहेत, तरी ती पुन्हा नीट बांधते.

‘किती झाल्या होत्या आज्जी?’ तुम्ही विचारता.

‘साठाच्या पुढं सुटलं मोजायचं.’ ती वर बघते. ‘देवळाच्या तटावनं समदं पुणं दिसतं म्हणत्यात. खरं का लेकरा?’

तुम्ही तिच्याशेजारी पायरीवर बसता. आणि नदीपासून सुरुवात करून तिला सांगू लागता.